शेत आहे, पाट नाही: व्यूहरचनेच्या संगणकीय खेळांतील चोळ देश

तमिळनाडूतील कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात उदयास आलेले चोळ साम्राज्य गेल्या काही वर्षांत व्यूहरचनेच्या दोन जगप्रसिद्ध संगणकीय खेळांत दाखल झाले आहे. 'एज ऑफ एम्पायर्स २' या खेळाचा 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' हा विस्तार एप्रिल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात द्रविड हा नवा पक्ष आणि राजेंद्र चोळाच्या मोहिमा समाविष्ट करण्यात आल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या 'सिव्हिलायझेशन ७' मध्येही चोळांचा पक्ष घेऊन खेळता येते आणि तंजावरचे बृहदीश्वर मंदिर उभारता येते.

जहाजे, तलवारी आणि मंदिरे यांना या खेळांत स्थान मिळाले. ज्या पाटपाण्यावर हे वैभव उभे राहिले, त्याच्या वाटपाचा प्रश्न मात्र त्यांत नाही. याचे कारण बऱ्याच अंशी खेळाडूंच्या आवडीनिवडीत सापडते.

दोन प्रकार, दोन स्वभाव

व्यूहरचनेच्या खेळांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात बुद्धिबळाप्रमाणे आळीपाळीने चाल करायची असते. १९९१ साली सुरू झालेली 'सिव्हिलायझेशन' ही मालिका या प्रकारातील आहे. दुसऱ्या प्रकारात सर्व पक्ष एकाच वेळी हालचाल करतात आणि खेळाडूला घड्याळाशीही झुंजावे लागते. १९९९ साली आलेला 'एज ऑफ एम्पायर्स २' या प्रकारात मोडतो.

शांतपणे विचार करून राज्य उभारण्यात ज्याला आनंद वाटतो, त्याला दुसऱ्या प्रकारातील धावपळ नकोशी होते. ज्याला चपळाई आवडते, त्याला पहिला प्रकार संथ वाटतो. तक्रारीही त्यानुसार बदलतात. 'सिव्हिलायझेशन'मध्ये विजय निश्चित झाल्यानंतरही शेकडो चाली यांत्रिकपणे कराव्या लागतात, ही जुनी तक्रार आहे. काठिण्यपातळी वाढवली की संगणक अधिक हुशारीने खेळत नाही, त्याला केवळ वाढीव साधनसामग्री मिळते, याविषयीही अनेकांची नाराजी असते. 'सिव्हिलायझेशन ७' प्रसिद्ध झाला तेव्हा तर युग बदलताच आपला पक्षही बदलावा लागत होता. चोळांचा पक्ष मधल्या, म्हणजे शोधयुगात मिळत असे. आधुनिक युगात प्रवेश करताना तो सोडून देणे भाग पडे. जोपासलेले राज्य अशा रीतीने हातचे जाणे अनेक खेळाडूंना रुचले नाही.

या तक्रारींच्या मुळाशी एक समान गोष्ट आहे. हरल्यापेक्षा निर्णय आपल्या हातातून काढून घेतला गेल्याची, अथवा हाती आलेल्या निर्णयाला काहीच अर्थ नसल्याची चीड खेळाडूला अधिक येते.

शेताची कटकट

शेती हे याचे उत्तम उदाहरण आहे. 'एज ऑफ एम्पायर्स २'मध्ये ६० एकक लाकूड खर्च केले की शेत तयार होते. ठरावीक धान्य निघाल्यानंतर त्याचा कस संपतो आणि ते पुन्हा पेरावे लागते. मूळ खेळात प्रत्येक शेत स्वतः शोधून पेरावे लागे. ऐन लढाईत त्याकडे दुर्लक्ष झाले की शेतकरी रिकामे उभे राहत आणि धान्याची आवक थांबे. २००० सालच्या विस्तारात पुढील पेरण्यांचे पैसे आगाऊ भरून ठेवण्याची सोय आली. २०१९ च्या सुधारित आवृत्तीत पेरणी आपोआप होऊ लागली. खेळाडूंनी या बदलाचे स्वागतच केले.

या खेळातील शेताला पाणी लागत नाही. वाळवंटातही ते तितकेच पिकते. 'सिव्हिलायझेशन' मालिकेने पाण्याचा थोडा अधिक विचार केला आहे. २००५ सालच्या चौथ्या भागात शेताजवळ गोडे पाणी असणे आवश्यक होते आणि पुढे एका शेतातून दुसऱ्या शेतात पाणी नेता येई. २०१९ साली सहाव्या भागाला जोडलेल्या विस्तारात नद्यांना पूर येऊ लागले आणि धरणेही बांधता येऊ लागली. तरीही वरच्या बाजूच्या राज्याने पाणी अडवल्यामुळे खालच्या राज्याचे पीक वाळले, असे या खेळांत घडत नाही.

कावेरीचा खरा डाव

त्रिभुज प्रदेशातील गावांत नेमका हाच प्रश्न शतकानुशतके महत्त्वाचा ठरला आहे. तंजावरनजीक कावेरीवर असलेल्या कल्लणै या प्राचीन बंधाऱ्याचे श्रेय परंपरेने करिकाल चोळाला दिले जाते. कावेरीची कोळ्ळिडम ही शाखा अधिक उताराची असल्याने पाणी तिकडे ओढले जाते. ते सर्व तिकडे वाहून गेले, तर त्रिभुज प्रदेशातील शेती कोरडी पडेल. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी कावेरीचे पात्र गाळाने भरू लागले होते. तेव्हा आर्थर कॉटन यांच्या योजनेनुसार १८३६ नंतर कोळ्ळिडमवर वरच्या बाजूस बंधारा बांधण्यात आला. १९३४ साली मेट्टूर धरण पूर्ण झाले. या धरणातून १२ जून रोजी पाणी सोडण्याचा प्रघात आहे, आणि अल्प मुदतीच्या कुरुवै भातपिकाची लावणी त्यावर अवलंबून असते. पाणी लांबले तर शेतकऱ्याला कुरुवै सोडून सांबा या दीर्घ मुदतीच्या पिकाकडे वळावे लागते.

पाणी अपुरे असल्यास कालव्यांना पाळीपाळीने ते दिले जाते. खानदेशातील फड पद्धतीशी परिचित असलेल्या वाचकांना ही व्यवस्था सहज समजेल. कालव्याच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे नागपट्टिनमच्या बाजूला असलेल्या गावांचे भवितव्य वरच्या गावांनी किती पाणी घेतले यावर ठरते. हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर कर्नाटक आणि तमिळनाडू यांच्यात आहे. त्यासाठी १९९० साली लवाद नेमण्यात आला. लवादाने २००७ साली अंतिम निवाडा दिला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूला वर्षाकाठी सोडावयाचे पाणी १७७.२५ टीएमसी इतके निश्चित केले.

या डावात शत्रूला नकाशावरून पुसून टाकता येत नाही. शेजाऱ्यासोबत दरवर्षी नव्याने तडजोड करावी लागते. शेतीकडे वारंवार लक्ष देणे खेळाडूला कटकटीचे वाटते. त्रिभुज प्रदेशातील शेतकऱ्याच्या बाबतीत तेच लक्ष वर्षाचे पीक ठरवते. खेळ सोपा करताना कटकट गेली आणि तिच्यासोबत हा निर्णयही गेला.

गावातील जुने खेळ

व्यूहरचनेचा खेळ या प्रदेशाला नवा नाही. तमिळ गावांत 'आडु पुलि आट्टम' हा वाघ-बकरीचा खेळ पिढ्यान् पिढ्या खेळला जात आहे. त्यात ३ वाघ आणि १५ बकऱ्या असतात. वाघ बकरीवरून उडी मारून तिला मारतो, तर बकऱ्या एकजुटीने वाघांची वाट अडवून जिंकतात. दोन्ही पक्षांचे बळ आणि मार्ग वेगवेगळे असल्याने कोणाला वाघ व्हावेसे वाटते, तर कोणाला बकऱ्यांची बाजू आवडते. 'पल्लांगुळी' या खेळात बहुधा १४ खळग्यांत बिया वाटत जायच्या असतात. मोजणी चुकली की डाव बिघडतो.

तिरुवारूर जिल्ह्यातील पूवनूर गावात चतुरंग वल्लभनाथाचे मंदिर आहे. शंकराने राजकन्येला बुद्धिबळात हरवून तिच्याशी विवाह केला, अशी तेथील आख्यायिका आहे. २०२२ साली चेन्नईत बुद्धिबळ ऑलिंपियाडचे उद्घाटन करताना पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी या मंदिराचा उल्लेख केला होता.

तंजावरचे भोसले कुठे आहेत?

मराठी खेळाडूंची एक निराळी खंत असू शकते. २००९ साली आलेल्या 'एम्पायर: टोटल वॉर' या खेळात मराठा राज्याचा पक्ष घेता येतो. खेळ १७०० सालापासून सुरू होतो. त्या वर्षी तंजावरच्या गादीवर व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे होते. हे भोसले घराणे मात्र त्या खेळात स्वतंत्र पक्ष म्हणून आढळत नाही. सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध करणारे दुसरे सरफोजीराजे याच घराण्यातील होते. फौजांच्या संख्येवर सामर्थ्य मोजणाऱ्या खेळात अशा राज्याला जागा मिळणे कठीण असते.

पाण्याचा खेळ शक्य आहे

पाणीवाटपाचा खेळ रंजक होऊ शकत नाही, असे मात्र नाही. ब्रिटिश जलतज्ज्ञ ब्रूस लँकफर्ड यांनी टांझानियातील शेतकऱ्यांसाठी 'रिव्हर बेसिन गेम' तयार केला. उतरत्या लाकडी फळीवरून काचेच्या गोट्या पाण्यासारख्या सोडल्या जातात आणि खेळणारे काड्यांचे बंधारे घालून त्या आपल्या शेताकडे वळवतात. वरच्या बाजूला बसलेल्याला भरपूर गोट्या मिळतात, खालच्याच्या हाती काहीच लागत नाही. मग जागांची अदलाबदल होते, वाद होतात आणि त्यातूनच वाटपाचे नियम ठरतात.

येथेही चीड येते. मात्र ती पुन्हापुन्हा कळ दाबावी लागल्याची नसते, तर शेजाऱ्याने पाणी अडवल्याची असते. कावेरीकाठच्या गावांना ती चांगलीच परिचित आहे. चोळांची जहाजे पडद्यावर आणणाऱ्या खेळांनी त्यांचा पाटही आणला, तर खेळाडूला या प्रदेशाची अधिक खरी ओळख होईल.