बिनपगारी रजा आणि डॉक्टरांचा दाखला

राज्य सरकारी कर्मचाऱ्याची रजा संपली, की उरते ती ‘असाधारण रजा’. १९८१च्या महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियमांत ती आहे. नोकरी टिकते, पगार मिळत नाही. इतर रजा शिल्लक असूनही लेखी अर्ज करून ती मागता येते. असं सहसा कुणी करत नाही म्हणा! खरी मेख दाखल्यात आहे. ही रजा आजारपणासाठी वैद्यकीय प्रमाणपत्रावर घेतली, तर तो काळ वेतनवाढीला आणि निवृत्तिवेतनाला धरला जातो. ‘घरगुती कारणास्तव’ एवढंच लिहून घेतली, तर तो काळ वार्षिक वेतनवाढीला धरला जात नाही. म्हणून आजारी असाल, तर अर्जाला प्रमाणपत्र जोडा आणि सेवापुस्तकातली नोंद स्वतः वाचून घ्या.