गोसीखुर्दच्या भिंतीपलीकडील पवनी

गोसीखुर्दचे धरण पाहावयास येणारे बहुतेक प्रवासी तेहतीस दरवाजांतून कोसळणारी वैनगंगा न्याहाळतात आणि माघारी फिरतात. नदीच्या ओघाने थोडे खाली गेल्यास पवनी लागते, याची वार्ताही अनेकांना नसते. मातीचा जुना तट, खंदक, घाट, देवळांची दाटी आणि एके काळी रेशीमकाठी वस्त्रांसाठी नावाजलेली पेठ, असे हे गाव. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व पुरातत्त्व सर्वेक्षण खाते यांनी येथील जगन्नाथ टेकडीचे उत्खनन केले. तेव्हा ३८ मीटरांहून अधिक व्यासाचा बौद्ध स्तूप उजेडात आला. सांचीच्या महास्तूपाहून किंचित मोठाच! त्याच्या कठड्याच्या शिळांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली आढळली. दानाची नोंद दगडावर ठेवण्याची ही रीत व्यापारी घराण्यांस परकी वाटू नये.

धरणाच्या वरच्या अंगास मात्र निराळी कथा आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते पायाभरणी झाली. १९८३ साली ३७२ कोटींचा असलेला अंदाज पुढे हजारो कोटींवर गेला आणि गावेच्या गावे उठली. शेताचा, घराचा मोबदला मोजता येतो. गावच्या दुकानदाराचे पिढीजात गिऱ्हाईक चार वसाहतींत पांगले, त्याची उधारीची वही कोऱ्या पानावर थांबली. तिचा भाव कोणत्या पंचनाम्यात धरावयाचा?

पवनीहून परतताना आंभोऱ्यास अवश्य जावे. चैतन्येश्वराच्या टेकडीवरून पाच नद्यांचा संगम दिसतो. आता तेथे जलाशयाचे पाणी पसरलेले असते.