गुणांचा तराजू कोण तपासतं?

मुलांनो, किराणा दुकानातून तुम्ही एक किलो साखर आणता. ती एक किलोच आहे हे कशावरून? दुकानदाराच्या वजनावरून! पण ते वजन त्याला स्वतःच्या मर्जीने बनवता येत नाही. वजनमापांचे निरीक्षक ते ठरावीक मुदतीने तपासतात आणि त्यावर शिक्का मारतात. म्हणून सांगलीचा किलो आणि चंद्रपूरचा किलो सारखाच भरतो.

परीक्षेतले गुण हेही एक मापच आहे, बरं का! सांगलीच्या मुलीचे सत्तर आणि चंद्रपूरच्या मुलाचे सत्तर यांचं वजन सारखं हवं. कारण पुढचा प्रवेश, शिष्यवृत्ती, नोकरी या मापावरच ठरणार असते.

आपल्याकडे दहावी-बारावीला हे काम राज्य मंडळ करतं. त्याची स्थापना १ जानेवारी १९६६ ला झाली. मुख्य कार्यालय पुण्यात, आणि विभागीय मंडळं नऊ. परीक्षकांनी तपासलेल्या पेपरांतले काही पेपर नियामक पुन्हा तपासतात. एखादे परीक्षक फार सढळ असले आणि दुसरे फारच हात आखडते, तर ते इथे लक्षात येतं.

आता इंग्लंडची गंमत ऐका. तिथे परीक्षा घेणारी मंडळं अनेक आहेत आणि कुठल्या मंडळाची परीक्षा द्यायची ते शाळा निवडतात. मग एका मंडळाने पेपर सोपा काढला तर? सगळ्या शाळा तिकडेच धावतील! दुसरं मंडळ आणखी सोपा काढेल. असं होऊ नये म्हणून मंडळांवर नजर ठेवणारी एक स्वतंत्र संस्था आहे. तिचं नाव ऑफक्वल. २०१० सालापासून तिला कायद्याचे पूर्ण अधिकार मिळाले. म्हणजे ही झाली तिथली वजनमापांची निरीक्षक. ती स्वतः परीक्षा घेत नाही, घेणाऱ्यांना तपासते.

पण निरीक्षकाचाच अंदाज चुकला तर? २०२० साली अगदी तसंच झालं. कोरोनामुळे परीक्षा रद्द झाल्या. शिक्षकांनी प्रत्येक मुलाला अंदाजाने श्रेणी द्यायची आणि वर्गात त्याचा क्रमांकही लावायचा, असं ठरलं. शिक्षकांचा हात जरा सढळ असणार. मग आधीच्या वर्षांच्या मुलांवर अन्याय होईल, असं ऑफक्वलला वाटलं. हेतू वाईट नव्हता. म्हणून त्यांनी एक गणिती सूत्र बनवलं. त्यात शाळेचे मागच्या वर्षांचे निकाल फार महत्त्वाचे धरले होते.

१३ ऑगस्टला ए-लेव्हलचा, म्हणजे आपल्या बारावीसारख्या परीक्षेचा, निकाल लागला. शिक्षकांनी दिलेल्या दर शंभर श्रेणींपैकी सुमारे ३९ श्रेणी खाली आल्या होत्या! ज्या शाळेचे निकाल आजवर बेताचेच होते, तिथल्या हुशार मुलाला शाळेचा इतिहास आडवा आला. उलट, एखाद्या विषयाला पाच किंवा त्याहून कमी मुलं असतील, तर शिक्षकांची श्रेणी तशीच ठेवली होती. असे छोटे वर्ग खासगी शाळांत जास्त. मुलं रस्त्यावर उतरली. शेवटी १७ ऑगस्टला ते सूत्र मागे घेतलं गेलं आणि शिक्षकांच्या श्रेणी मान्य झाल्या.

पाहिलंत? एकूण निकाल मागच्या वर्षीसारखा जुळला, की माप बरोबर असं त्यांनी धरलं. पण सरासरी काही कॉलेजात प्रवेश घ्यायला जात नाही. जातं ते एकेक मूल!

या गडबडीत आणखी एक गोष्ट घडली. हाताचं कौशल्य आणि व्यवसाय शिकवणारे बीटेक नावाचे अभ्यासक्रम तिथे आहेत. त्यांच्या श्रेणी पुन्हा तपासायचं ठरलं ते १९ ऑगस्टला, आणि दुसऱ्याच दिवशी बऱ्याच जणांचा निकाल लागायचा होता! मुलं आणखी काही दिवस ताटकळली. व्यवसाय शिकणाऱ्यांची आठवण सगळ्यांत शेवटी, असं का बरं?

खरं तर तिथे माप जास्तच काटेकोर हवं. आयटीआयमधून बाहेर पडलेला वायरमन तुमच्या घरातलं वायरिंग करणार असतो. त्याचं प्रमाणपत्र पोकळ असेल, तर झटका आपल्याला बसेल! आपल्या देशात अशी प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थांना मान्यता द्यायला आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला २०१८ साली राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण आणि प्रशिक्षण परिषद स्थापन झाली.

पालकांनो, आता थोडं तुमच्याशी. माप खरं ठेवायचं काम एकट्या निरीक्षकाचं नसतं, गिऱ्हाइकानेही काट्याकडे पाहायला हवं. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क विद्यार्थ्याला आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केलं. राज्य मंडळाकडेही छायाप्रत मागता येते आणि मग पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करता येतो. शंका असेल तर मुलाला रागावण्याआधी हा रस्ता धरा. आणि खिडकीतून कॉपी पुरवणाऱ्याला 'मदत करतोय बिचारा' म्हणू नका. तो शेजारच्या बाकावरच्या मुलाचं वजन चोरत असतो.

मुलांनो, आता एक प्रयोग करा. 'माझा गाव' या विषयावर दहा ओळी लिहा. वहीच्या तीन पानांवर सारख्याच उतरवा आणि तीन मित्रांना वेगवेगळं बसवून दहापैकी गुण द्यायला सांगा. एकमेकांचे गुण बघू द्यायचे नाहीत! तिघांचे आकडे जुळले तर उत्तमच. नाही जुळले, तर तिघांना एकत्र बसवा आणि गुण कशाकशाला द्यायचे ते आधी ठरवून घ्या: शुद्धलेखनाला किती, माहितीला किती, अक्षराला किती. मग पुन्हा तपासायला लावा आणि या वेळी आकडे किती जवळ येतात ते बघा.