घरपट्टीचा जन्मदाखला

पुण्यात घराची किंमत म्हटली की लोक चौरस फुटाचा दर सांगतात. महापालिका तो विचारत नाही. हे घर भाड्याने दिले तर वर्षाला किती मिळतील, हा तिचा प्रश्न. त्यातून निघते ते ‘वार्षिक करपात्र मूल्य’, आणि त्यावर सर्वसाधारण कर, सफाई, मलनिस्सारण, अग्निशमन, वृक्ष अशी रांग लागते. मुंबईने २०१० मध्ये भांडवली मूल्याची वाट धरली. पुणे भाड्यावरच थांबले. म्हणून १ एप्रिल २०२५ला इथला रेडी रेकनर, म्हणजे घरांच्या बाजारमूल्याचा सरकारी दर, सरासरी ४.१६ टक्क्यांनी वाढला, तेव्हा त्याचा भार पडला तो नव्या खरेदीदाराच्या मुद्रांक शुल्कावर. जुन्या घराच्या बिलाला त्याची थेट झळ नाही.

मग बिल ठरते कशावर? बरेचसे घराच्या नोंदीच्या सालावर. पेठांतल्या वाड्यांची भाडी १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठली, आणि करपात्र मूल्य त्या कायद्याखालच्या प्रमाण भाड्यापेक्षा जास्त धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९च्या दिवाण दौलतराय कपूर खटल्यात सांगितले. नव्या इमारतीला आजचा दर लागतो, जुनीचा आकडा सहसा जुनाच राहतो. त्यामुळे एकाच रस्त्यावर, तेवढ्याच क्षेत्रफळाच्या दोन सदनिकांची बिले एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत. दर वाढवण्याची चर्चा दर अंदाजपत्रकाला होते; या तफावतीला हात घालायला कोणी धजत नाही, कारण जुन्या घरांत मतदारही जुने असतात.

स्वतः राहणाऱ्या मालकाला ४० टक्के सवलत, हा १९७०चा ठराव. लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप आला आणि २०१९ मध्ये राज्य सरकारने तो विखंडित केला. इथे साधे गणित अनेकांच्या ध्यानात येत नाही: ज्याचे करपात्र मूल्य सवलतीने १०,०००चे ६,००० धरले जात होते, त्याची सवलत गेली की बिल ४० नव्हे, सुमारे ६७ टक्के वाढते. वर फरकाच्या वसुलीची टांगती तलवार, आणि थकबाकीला महिना २ टक्के शास्ती. मार्च २०२३ मध्ये पुण्यातल्या कसबा मतदारसंघातला भाजपचा गड काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांनी पोटनिवडणुकीत जिंकला. एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने सवलत परत दिली. योगायोग म्हणायचा तर खुशाल म्हणावा.

सर्वांत मोठा चटका मात्र हद्दीवरच्या गावांना बसला. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली. कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीच्या करावरून महापालिकेच्या करावर टप्प्याटप्प्याने, वर्षाला २० टक्के या हिशेबाने चढायचे असते. कर या पायऱ्या वेळेवर चढला. नळ आणि ड्रेनेज मागेच राहिले. उरुळी देवाचीने तर शहराचा कचरा कित्येक वर्षे आधीपासून सोसला होता. तिथे आणि फुरसुंगीत करावरून एवढा असंतोष धुमसला की सप्टेंबर २०२४ मध्ये दोन्ही गावे महापालिकेतून वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. बाकीच्या गावांतही २०२४ मध्ये सरकारला थकबाकीच्या वसुलीला स्थगिती द्यावी लागली.

महापालिकेचीही अडचण खरी आहे. २०१३ मध्ये जकात गेली, मग स्थानिक संस्था कर (एलबीटी) आला आणि तोही गेला. जीएसटीची भरपाई राज्याच्या हातून येते. स्वतःच्या हक्काच्या उत्पन्नात मिळकतकर हा मोठा आधार उरला. म्हणून थकबाकीदाराच्या दारात बँड वाजवण्यापर्यंत मजल गेली. पण ज्याला नळ दिला नाही त्याच्या दारात बँड वाजवणे शोभत नाही, आणि ज्याची नोंद अर्धशतकापूर्वीची आहे त्याच्या दारावरून मुकाट पुढे जाणे त्याहून शोभत नाही.

वाचकांनी एवढे करावे: स्वतःच्या घरात राहत असाल तर बिलावर ४० टक्के सवलत लागली आहे का ते पाहावे. नसेल तर पीटी-३ अर्ज राहत असल्याच्या पुराव्यासह भरावा. अर्जाशिवाय ती आपोआप मिळेल या भरवशावर राहू नये.