आधी विचारा, मग कंपनी आणा

मोठ्या कंपन्यांकडे मराठी माणूस कसा पाहतो, याची चर्चा मुळशीपासून करायची रीत आहे. १९२१ मध्ये तिथे सेनापती बापटांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह उभा केला. त्याच्या अकराच वर्षे आधी वसलेल्या किर्लोस्करवाडी या उद्योगनगरीचे मात्र याच समाजाला केवढे अप्रूप! म्हणजे राग उद्योगावर नव्हता, न विचारता जमीन घेण्यावर होता. गिरणी संप, एन्रॉन यांवर पुष्कळ लिहून झाले आहे. मी थेट नवी मुंबईतल्या उलव्याच्या परिसरात येतो.

१९७० मध्ये सिडको ही शहर वसवणारी सरकारी कंपनी आली आणि ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबई शहरासाठी घेतल्या गेल्या. खाजणे गेली, मिठागरे गेली. जानेवारी १९८४ मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात शेतकरी रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क त्या रक्तातून आला. पुढे सार्वजनिक कामासाठी घेतलेल्या याच जमिनींपैकी द्रोणागिरी, उलवे, कळंबोलीचा मोठा भाग खासगी भागीदारीतल्या नवी मुंबई सेझकडे (विशेष आर्थिक क्षेत्राकडे) गेला. त्यात सिडकोचा वाटा उरला २६ टक्के.

पण मला खरे सांगायचे आहे ते शेजारच्या महामुंबई सेझबद्दल. रिलायन्सच्या या प्रकल्पासाठी उरण, पनवेल, पेणमधल्या पिकत्या जमिनी हव्या होत्या. एन. डी. पाटील आणि उल्का महाजन यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी गावोगाव सभा घेतल्या. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या पेणच्या २२ गावांत सरकारला शेतकऱ्यांचे मत घ्यावे लागले. सात-बारावर नाव असलेला माणूस कंपनी हवी की नको हे स्वतः लिहून देत होता. लोकशाहीचा इतका नेमका वापर महाराष्ट्राने क्वचितच केला असेल. पुढे तो सेझ बारगळला.

‘इथल्या लोकांना विकास नको’ असे शहाणे लोक अजूनही लिहितात. मग नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चे नाव मिळावे म्हणून जून २०२१ मध्ये हजारो माणसे मानवी साखळीत का उभी राहिली? नको असलेल्या गोष्टीला आपल्या नेत्याचे नाव कोणी मागत नाही. अदानी समूहाचा ७४ टक्के वाटा असलेल्या त्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. त्यासाठी दहा गावठाणे उठली, उलव्याची टेकडी कापली गेली.

दुःख वेगळेच आहे. कंपनीला जाब विचारणारी गावे आज भरावाच्या आणि मजुरांच्या ठेक्यावर समाधान मानतात. पुढारी ठेके वाटतात आणि तेवढ्यावर चळवळ संपते. ठेका दोन वर्षांचा असतो, जमीन मात्र पिढ्यांची जाते.

आता तिसऱ्या मुंबईसाठी, म्हणजे इथे होऊ घातलेल्या आणखी एका शहरासाठी, उरण, पनवेल, पेणची १२४ गावे निश्चित झाली आहेत. तिथे कोणत्याही कंपनीशी करार होण्याआधी पेणसारखे गावोगाव मत घ्या. होकार आला तर लोक कंपनीला खांद्यावर घेतील. नकार आला तर तो सरकारने मानला पाहिजे.