आकडा आणि उंबरठा

अमेरिकेत शिकू पाहणारी आमच्या बडोद्यातील मुले हल्ली एकाच चिंतेने झुरताना दिसतात: ‘सॅट’मध्ये १६०० पैकी किती पडतील? श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा ना सॅट होती, ना पदवीधरांची जीआरई. सॅट प्रथम झाली ती १९२६ साली.

म्हणून गुण निरर्थक, असे मी म्हणणार नाही. २०२० च्या महासाथीत अनेक विद्यापीठांनी ही अट सैल केली. पण एमआयटीने २०२२ मध्ये आणि हार्वर्डने २०२४ मध्ये ती पुन्हा घातली.

मात्र विद्यापीठे गुणांचे जे दोन आकडे छापतात, त्यांचा अर्थ पालकांनी नीट ध्यानी घ्यावा. खालचा आकडा म्हणजे किमान पात्रता नव्हे. गुण कळवून प्रवेश मिळविलेल्यांपैकी सुमारे पाव विद्यार्थी त्याच्याही खालीच असतात. शाळेतील प्रगती, निबंध, शिक्षकांची पत्रे यांचेही वजन पडते. शिवाय दहा-वीस गुणांचा फरक एकाच मुलाच्या दोन परीक्षांतही सहज पडतो. तेवढ्यासाठी चौथ्यांदा फी भरून मुलाची झोप उडवावी काय? ‘किती पडले?’ याच्या आधी ‘तुला शिकायचे काय आहे?’ हे त्याला घरात कोणीतरी विचारावे.