आरसा शाबूत, तरी सर्व्हर उठेना

कचेरीतील जुना सर्व्हर बंद पडला, की पहिला सुचणारा उपाय अगदी साधा असतो. त्यातील दोन्ही हार्ड डिस्क काढायच्या आणि दुसऱ्या यंत्रात बसवायच्या. दोन्ही डिस्कवर तोच मजकूर, म्हणजेच एकमेकींचे प्रतिबिंब. तेव्हा भिण्याचे कारण नाही, असा सर्वांचा समज असतो. कळ दाबली जाते, पंखे फिरू लागतात आणि पडद्यावर संदेश उमटतो : सुरू करण्याजोगी डिस्क सापडली नाही. हिशेब, पगारपत्रके, ग्राहकांचा पत्रव्यवहार सारे त्या दोन डिस्कवर. अशा प्रसंगी डिस्क सहसा धडधाकट असतात. माहिती जाते ती पुढच्या अर्ध्या तासात घाबरून केलेल्या उपायांनी.

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधातून ‘रेड’ हे नाव रूढ झाले. मिररिंग, म्हणजे डिस्कचा आरसा, ही त्यातली पहिली पातळी. एक डिस्क मेली तरी दुसरीवर काम चालावे, एवढेच तिचे वचन. परक्या यंत्रात डिस्क आपोआप सुरू होतील, असे वचन तिने कधीच दिलेले नाही.

लिनक्सचेच उदाहरण घेऊ. तेथे आरसा बहुधा डिस्कच्या विभागांचा, म्हणजे पार्टिशनचा असतो. अख्ख्या डिस्कचा नव्हे. जुन्या बायोस पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांपैकी ४४६ बाइटांत प्रारंभाचा कार्यक्रम असतो आणि हा भाग आरशाच्या बाहेर राहतो. मांडणी करणाऱ्याने ‘ग्रब’ हा प्रारंभक एकाच डिस्कवर बसवला असेल, तर जुन्या यंत्रात वर्षानुवर्षे काही बिघडत नाही. नव्या यंत्रात केबलचा क्रम बदलतो, बायोस दुसऱ्या डिस्ककडे आधी वळते आणि तेथे काहीच नसते. उपाय सोपा : बायोसमधील क्रम बदलून पाहावा आणि यंत्र उठल्यावर ग्रब दोन्ही डिस्कवर बसवावा.

यूईएफआय पद्धतीत अडचण निराळी. कोणत्या विभागातील कोणती फाइल चालवायची, याची नोंद डिस्कवर नसून मदरबोर्डच्या स्मृतीत असते. डिस्क हलल्या, नोंद जुन्या घरीच राहिली. नोंद नसल्यास नवे यंत्र एका ठरलेल्या जागी, ‘ईएफआय’ फोल्डरातील ‘बूट’ या उपफोल्डरात, फाइल शोधते. ती तेथे ठेवलेली नसेल तर पडदा कोराच. शिवाय हा विभाग पुष्कळदा एकाच डिस्कवर असतो.

प्रारंभक चालला, तरी पुढे चालकांचा, म्हणजे ड्रायव्हरांचा प्रश्न येतो. मूळ प्रणाली उघडण्यापूर्वी लिनक्स एक छोटी प्रारंभिक प्रतिमा स्मृतीत उतरवते. रेड हॅट आणि फेडोरा परिवारात या प्रतिमेत त्या यंत्रापुरतेच चालक भरलेले असतात. नव्या यंत्रातील डिस्क-नियंत्रक निराळा असला, की समोर असलेल्या डिस्क प्रणालीला दिसतच नाहीत. सुरुवातीच्या यादीतील ‘रेस्क्यू’ ही ओळ याचसाठी असते. तिच्यात सर्वसाधारण चालक असतात. तिने आत शिरून प्रतिमा पुन्हा तयार करता येते.

येथवर नुकसान वेळेचेच होते. खरा धोका पुढे आहे. काही आरशांची ओळखखूण विभागाच्या अगदी शेवटी लिहिलेली असते, त्यामुळे एकटी डिस्क साध्या डिस्कसारखी उघडते. घाईतला माणूस म्हणतो, एवढे पाहून घेऊ. एक डिस्क थेट उघडतो, दोन फाइली बदलतो. आरसा सांभाळणाऱ्या प्रणालीला याचा पत्ता नसतो. तिच्या दृष्टीने दोन्ही डिस्क अजून सारख्याच. पुन्हा जोडी जमली, की वाचन कधी या डिस्कवरून होते, कधी त्या. आणि तीच फाइल आज एक सांगते, उद्या दुसरे. डिस्क बिघडली तर निदान कळते तरी. हा बिघाड कळतच नाही.

म्हणून आधी डिस्कवर ‘पहिली’, ‘दुसरी’ अशा चिठ्ठ्या चिकटवाव्यात. यंत्र पेन ड्राइव्हवरील प्रणालीने सुरू करावे आणि ‘एमडीॲडम’ या साधनाने दोन्ही डिस्कच्या नोंदी नुसत्या वाचाव्यात. प्रत्येकीवर जोडीचा ओळखक्रमांक, शेवटच्या बदलाची वेळ आणि घटनांचा आकडा असतो. आकडे जुळले, तर जोडी केवळ वाचनापुरती जमवून आधी माहितीची प्रत दुसरीकडे घ्यावी. एकीचा आकडा मागे असेल, तर ती डिस्क जुन्या यंत्रातच आरशातून गळालेली असते, कदाचित कित्येक महिन्यांपूर्वी. ती बाजूला ठेवावी. जोडी ‘नव्याने तयार करा’ ही आज्ञा मात्र देऊ नये. क्रम चुकला, तर शिळी डिस्क ताज्या डिस्कवर उतरवली जाईल.

स्वतंत्र रेड कार्ड असलेल्या सर्व्हरमध्येही हेच पथ्य. नवे कार्ड या डिस्कची मांडणी ‘फॉरिन’, म्हणजे परकी ठरवते आणि ती आयात करावी की पुसावी, असे विचारते. आयात हाच पर्याय, तोही कार्ड त्याच घराण्यातले असेल तर. ‘इनिशियलाइज’ हा निरुपद्रवी वाटणारा शब्द डिस्क कोरी करण्याकडे नेतो.

इतके करून सर्व्हर उठला आणि तरीही कचेरीतील कोणाला सापडेना, तर डिस्कला दोष देऊ नये. नव्या यंत्रात नेटवर्क कार्डाचे नाव बदललेले असते आणि जुना पत्ता जुन्याच नावावर नोंदलेला राहतो. तेवढी एक ओळ बदलली, की काम भागते.